मऊ पिसांची माशी

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील व्हार्फ, निड आणि यूर या थंड, खळाळत्या नद्यांवर ट्राउट मासा धरण्यासाठी गळावर जी कृत्रिम माशी बांधण्याचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तिचा मूळ सरंजाम म्हणजे एक बारीक गळ, रेशमाचा धागा आणि तित्तिराचे एक पीस एवढाच होय. टी. ई. प्रिट यांनी १८८५ साली अशा माशांची तपशीलवार नोंद ग्रंथरूपाने केली.

मेण चोळलेला नारिंगी धागा नेढ्यापासून गळाच्या टोकासमोर येईपर्यंत एकसारखा गुंडाळून परत आणला की शरीर सिद्ध झाले. मग करड्या तित्तिराचे ठिपक्यांचे तपकिरी पीस, बुडाची लव काढून, नेढ्याच्या मागे दीड, फार तर दोन वेढे देऊन बांधावयाचे. नवशिका येथेच हात सैल सोडतो आणि चार-पाच वेढे देऊन माशीचा झाडू करून ठेवतो! कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस तरंगत्या माशीला शोभते. येथे मात्र विरळ, मृदू तंतूंनी प्रवाहाच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी हलावे, आणि तळातून पृष्ठभागाकडे धडपडत निघालेल्या कीटकाचा आभास माशाला व्हावा, हाच सारा मतलब असतो. विशिष्ट कीटकाची हुबेहूब नक्कल हा हेतू गौणच, आणि माझ्या मते तो तसाच असावा.

ही माशी प्रवाहाच्या वरच्या अंगास फेकावी, असा स्कॉटलंडच्या स्ट्युअर्ट यांचा १८५७ पासूनचा आग्रह. अमेरिकेत १९७५ साली तिचे पुनरुज्जीवन करणारे सिल्व्हेस्टर नेम्स मात्र ती आडवी फेकून खाली वाहू देत.