लघवीची घाई आणि लघवीचे प्रमाण

‘लघवीचा त्रास’ या एका शब्दप्रयोगाखाली वारंवार लघवीला जावे लागणे आणि लघवीच जास्त तयार होणे या दोन अगदी निराळ्या तक्रारी सरसकट नोंदल्या जातात, आणि मज्जातंतूंना सौम्य विद्युत्स्पंद देऊन करावयाच्या उपचाराविषयीचे बरेचसे गैरसमज या सरमिसळीतूनच निघतात.

या उपचाराने लघवी कमी तयार होते, हा त्यांतील सर्वांत मोठा गैरसमज होय. लघवी तयार करणे हे मूत्रपिंडांचे काम. ती दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातील बहुतेक सर्व पुन्हा शोषून घेतात आणि उरलेल्या एक-दोन लिटरचे प्रमाण मुख्यतः संप्रेरके, म्हणजे रक्तातून फिरणारी नियंत्रक द्रव्ये, ठरवतात. प्रत्यारोपित मूत्रपिंडाचे मज्जातंतू तोडलेले असूनही ते लघवी तयार करते, यावरून ही गोष्ट पुरेशी स्पष्ट व्हावी. उद्दीपन दिले जाते ते त्रिकास्थीतून, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडातून, निघणाऱ्या तिसऱ्या मज्जातंतूला किंवा घोट्याच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या टिबियल मज्जातंतूला. त्यांचा संबंध मूत्राशयाशी असल्याने उपचार लागू पडल्यास खेपा कमी होतात व प्रत्येक खेपेची लघवी वाढते, दिवसाची बेरीज मात्र साधारण तीच राहते.

विजेच्या धक्क्याने मूत्राशय आवळला जातो, हा समजही बरोबर नाही. लंडनच्या जाइल्स ब्रिंडली यांनी मेरुरज्जूला इजा झालेल्यांसाठी घडवलेले यंत्र तसे काम करते खरे. परंतु प्रचलित उपचारातील स्पंद मुख्यतः मूत्राशयाकडून वर जाणाऱ्या संदेशांवर परिणाम करून बिघडलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेला लगाम घालतात. म्हणूनच अमेरिकेच्या औषध नियामकाने हा त्रिकास्थीवरील उपचार १९९७ मध्ये घाईने होणाऱ्या गळतीसाठी आणि १९९९ मध्ये, वरवर पाहता अगदी उलट अशा, अडथळा नसताना लघवी तुंबण्याच्या विकारासाठीही मान्य केला.

प्रत्येकाच्या शरीरात यंत्र बसवावेच लागते असेही नाही. घोट्याजवळ बारीक सुई टोचून आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे उपचार करता येतात. यंत्र बसवायचे झाल्यास आधी तात्पुरती तार घालून काही दिवस चाचणी घेतात आणि तक्रार निम्म्याने तरी घटली तरच पुढे जातात.

वृद्धांच्या रात्रीच्या खेपांबाबत ही सरमिसळ विशेष महागात पडते, कारण दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि चोवीस तासांतील एक तृतीयांशाहून अधिक लघवी रात्रीच तयार होत असेल, तर दोष केवळ मूत्राशयाचा नसतो. तो कोठे आहे हे उपचारापूर्वी तीन दिवस मापाच्या भांड्याने ठेवलेली वेळ-प्रमाणाची साधी नोंद सांगते.