दंडातला उंदीर

गेल्या वर्षी मला हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद हाती पडला, त्यावर निदान होते : 'मायोकार्डियल इन्फार्क्शन'. छत्तीस वर्षे बँकेत गेली. न समजलेल्या कागदावर सही करायची माझी सवय नाही. रात्री झोप येईना, तेव्हा उठून कोश उघडला.

'कार्डिया' म्हणजे हृदय, हे ठाऊक होते. 'मायो'पाशी अडलो. तो ग्रीक 'म्यूस'वरून आलेला, आणि 'म्यूस'चे अर्थ दोन : स्नायू आणि उंदीर!

रोमनांचीही तीच तऱ्हा. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर आणि 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. इंग्रजी 'मसल', जर्मन 'मुस्केल' ही त्याचीच पिले. स्पॅनिश माणूस मांडीला 'मुस्लो' म्हणतो, तोही याच बिळातला. रशियनमध्ये 'मिश्' उंदीर, तर 'मीश्त्सा' स्नायू. फ्रेंचांचा उंदरासाठीचा शब्द 'सूरी' निराळ्या कुळातला. पण कोकराच्या नळीवरच्या मांसाला तेही 'सूरी'च म्हणतात. शब्द वेगळा, नजर तीच.

या नजरेमागचे कारण साधे आहे. हात कोपरात दुमडला की दंडाच्या कातडीखाली काहीतरी टुणकन सरकते. त्यांना तिथे उंदीर दिसला. आपल्याला काय दिसले? तालमीतला पोरगा दंड फुगवून 'बेटकुळी' दाखवतो. बेटकुळी म्हणजे बेडकुळी, चिमुकला बेडूक! पुस्तकी 'स्नायू'त कोणताच प्राणी नाही. बोलीने मात्र तो जिवंत ठेवला.

तरी उंदीर आपल्याला परका नाही. गणपतीपुढे बसलेला मूषक हा त्या ग्रीक 'म्यूस'चा सख्खा चुलतभाऊ. दोघांचे मूळ एकच.

"अहो, एवढ्या रात्री काय शोधताय?" सौ.ने विचारले.

"उंदीर."

"घरात शिरलाय?"

"छातीत," मी म्हणालो. ती हसली नाही. कोश मिटून तिने दिवा मालवला.

हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा मेला आहे, बाकीचा नीट काम करतो आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्या भारदस्त नावाची आठ दिवस धास्ती घेतली होती. अंधारात छातीवर हात ठेवला. जखमी होता, पण आत तो पळत होता.