दर ३७ मिलीमीटरला एक ठेच

मॉडेल रेल्वेचं इंजिन अडखळायला लागलं की पहिला आळ येतो मोटरवर. मग नवी मोटर मागवायची, ती बसवायची आणि इंजिन पुन्हा आपलं अडखळतंच! आजार रेड्याला आणि औषध पखालीला. इतक्या वर्षांत स्वतःची आणि मित्रांची इंजिनं उघडून माझं ठाम मत झालं आहे की मोटर सहसा निर्दोष असते. खोट असते ती मोटरपासून चाकापर्यंतच्या वाटेवर.

इतिहास थोडक्यात उरकतो. जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांवरची खेळण्यातली रेल्वे मांडली. आज सर्वत्र दिसणारं एचओ प्रमाण म्हणजे खऱ्याच्या १/८७. रुळांमधलं अंतर १६.५ मिलीमीटर. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे लोक दिवे आणि सिग्नल बघतात, माझा कान मात्र चाकांकडे असतो.

आता इंजिन उघडू. उदाहरणाला अमेरिकेचं जीपी-९ घेतो. १९५४ पासून बनलेलं, १,७५० अश्वशक्तीचं हे डिझेल इंजिन मॉडेलवाल्यांचं फार लाडकं. त्याच्या चांगल्या मॉडेलमध्ये मधोमध मोटर, तिच्या दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील, तिथून दोन्ही बॉगींकडे, म्हणजे खालच्या चाकांच्या सांगाड्यांकडे, जाणारे छोटे शाफ्ट. बॉगीच्या माथ्यावर वर्म, म्हणजे मळसूत्री गिअर, त्याखाली गिअरची उतरंड आणि सगळ्यात खाली आसावरचा गिअर.

हा शेवटचा गिअर म्हणजे माझा जीव की प्राण! बऱ्याच मॉडेलांत आस अखंड नसतो. दोन धातूचे तुकडे दोन बाजूंनी या प्लॅस्टिकच्या गिअरमध्ये दाबून बसवलेले असतात. म्हणजे हा एवढासा गिअर चाकं फिरवतो, त्यांच्यातलं अंतर राखतो आणि डाव्या-उजव्या रुळांची वीज एकमेकींना भिडू देत नाही. पण पोटात घट्ट बसलेल्या धातूचा ताण तो रात्रंदिवस सोसत असतो. म्हणूनच कधीही न चालवलेल्या, खोक्यात जपून ठेवलेल्या इंजिनाचाही गिअर तडकतो. भेग दोन दातांच्या मधोमध जाते, तिथली फट रुंदावते आणि पुढचा दाता नीट अडकत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ‘टक्’. जीपी-९ चं खरं चाक ४० इंची, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण ११.७ मिलीमीटर व्यासाचं. हिशोब केला तर दर ३७ मिलीमीटरला ठेच लागणार. इंजिन सावकाश चालवा आणि रुळाशेजारी पट्टी ठेवून मोजा. निदान तिथेच होतं.

एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे मी असा गिअर घेऊन गेलो होतो. त्यांनी चाकांसकट आस हातात घेतला, भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाले, “सुटा करून आणू नका हो कधी. आसावरून उतरवला की भेग मिटते, मग दिसत नाही.” खरंच, आसावर असताना केसाएवढी काळी रेघ दिसत होती. उतरवल्यावर बोट फिरवूनही काही लागेना.

डिंकाच्या भानगडीत पडू नये. हे प्लॅस्टिक चिकटत नाही, आणि चिकटलं तरी ताण तसाच राहतो. बॉगीची खालची झाकणी काढून आस उचलायचा, अर्धे आस हातानेच पिळत ओढायचे, मेणासारखं घट्ट झालेलं जुनं ग्रीस आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचं. नवा गिअर बसवताना चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये सुमारे १४.५ मिलीमीटर अंतर हवं आणि गिअर बरोबर मध्यावर. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून चाचणीसाठी वर्म काढून ठेवा आणि बॉगी तिरप्या काचेवर सोडा. आपोआप घरंगळली पाहिजे. मगच प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस लावायचं, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच.

आणि एकच गिअर तडकलेला दिसला तरी चारही आसांचे बदला. उरलेले तीन त्याच साच्यातले, त्याच वयाचे आणि तोच ताण सोसलेले असतात.