पाचशे बारा वर्षांचा शार्क? जरा थांबा

व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक फोटो फिरत असतो. कळकट राखाडी रंगाचा बोजड मासा आणि खाली ओळ : ‘१५०५ साली जन्मलेला शार्क आजही जिवंत!’ उत्तर ध्रुवाकडच्या खोल समुद्राविषयी आपल्यापर्यंत जे पोचतं, ते बहुधा असंच अर्धवट असतं.

गैरसमज : या शार्कचं वय ५१२ वर्षं आहे.

फोटोतला मासा म्हणजे ग्रीनलँड शार्क, आणि कुठल्याही ग्रीनलँड शार्कची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही. एरवी माशाचं वय त्याच्या कानातल्या चुन्याच्या खड्यावरच्या वलयांवरून काढतात. शार्कच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणून संशोधक ज्युलियस नील्सन आणि सहकाऱ्यांनी २८ माद्यांच्या डोळ्यांची भिंगं तपासली. भिंगाचा गाभा पिलू आईच्या पोटात असतानाच घडतो आणि मग जन्मभर तसाच राहतो. त्यातल्या कार्बन-१४ वरून अंदाज बांधला आणि २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापला. सर्वांत मोठी मादी पाच मीटर लांब होती. तिचं वय ३९२ वर्षं, कमी-अधिक १२०. म्हणजे २७२ ते ५१२ यांमध्ये कुठेतरी. मेसेजवाल्याने नेमकं वरचं टोक उचललं. बाकी, भिंग काढून तपासलेला मासा ‘आजही जिवंत’ कसा असेल, हे त्यालाच ठाऊक! २७२ धरले तरी कणा असलेल्या प्राण्यांमधला हा विक्रमच आहे.

गैरसमज : एवढ्या थंडीत, अंधारात काय जगणार?

हा गैरसमज एकेकाळी शास्त्रज्ञांचाच होता. एडवर्ड फोर्ब्स यांनी १८४३ मध्ये, भूमध्य समुद्राच्या एका कोपऱ्यातल्या पाहणीवरून, साधारण ५५० मीटरखाली जीवसृष्टी नसावी असं मांडलं. खरं तर १८१८ मध्येच दर्यावर्दी जॉन रॉस यांच्या खोली मोजायच्या दोरीला बॅफिन उपसागरातून, त्याहून कितीतरी खोलवरून, एक फांद्याफांद्यांचा तारामासा लटकून वर आला होता. पुढे नॉर्वेच्या लोफोटेनजवळ सार्स या शास्त्रज्ञ पितापुत्रांनी खोल पाण्यातून देठावर उभा राहणारा समुद्रकमळासारखा प्राणी काढला. असे प्राणी तोवर मुख्यतः जीवाश्मांतच पाहिलेले. मग मात्र मोहिमांवर मोहिमा निघाल्या.

गैरसमज : प्रवाळ फक्त उबदार समुद्रात.

नॉर्वेजवळचा रोस्ट प्रवाळखडक २००२ मध्ये सापडला; सुमारे ३५ किलोमीटर लांब, ३०० ते ४०० मीटर खोल. या प्रवाळाला ऊन लागत नाही, प्रवाहातून येईल ते तो खातो.

गैरसमज : तळाला फक्त वरून पडलेलं अन्न मिळतं.

लांगसेथ ही समुद्राखालची पर्वतरांग उत्तर ध्रुवाजवळ, कायम बर्फाखाली असते. तिथल्या समुद्री शिखरांवर स्पंजांचे मळे आहेत, त्यांचं सरासरी वय ३०० वर्षं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, हजारो वर्षांपूर्वी तिथे राहून नष्ट झालेल्या नळीकृमींच्या अवशेषांवर हे स्पंज, अंगातल्या जिवाणूंच्या मदतीने, पोसले जातात. पूर्वजांनी भरून ठेवलेल्या कोठारावर बसून खाणारं खानदानच म्हणा ना.

गैरसमज : आपला तिथे काय संबंध?

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोंग्सफ्योर्डमध्ये भारताची ‘इंडआर्क’ ही वेधशाळा २०१४ मध्ये पाण्याखाली उतरवली गेली. हे काम वास्को-द-गामा इथली, म्हणजे गोव्यातली, ध्रुवीय संशोधन संस्था बघते.

गैरसमज : तळ खणला तर कोणाचं काय बिघडतं?

नॉर्वेच्या संसदेने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या हद्दीतल्या सागरतळाचा मोठा भाग खनिजांच्या शोधासाठी खुला करायला मान्यता दिली. डिसेंबरमध्ये परवान्यांची पहिली फेरी थांबवावी लागली. ते बरंच झालं. जिथे एक स्पंज तीनशे वर्षांत वाढतो, तिथे उकरलेला तळ कोणाच्याही हयातीत भरून येत नाही.