वजन उचलायचे, पण किती उंचीवर?

२००२ साली अफगाणिस्तानच्या डोंगरात, सुमारे २,६०० मीटर उंचीवर, अमेरिकेचे एक चिनूक हेलिकॉप्टर निकामी होऊन पडले. ते तिथेच सोडून येणे परवडणारे नव्हते. शेवटी रशियन बनावटीचे एमआय-२६ भाड्याने आणले गेले. चिनूकची पाती उतरवली, टाक्या रिकाम्या केल्या, पट्टे आवळले आणि एमआय-२६ ने ते पोटाखाली टांगून बगरामच्या तळावर नेले. एका अवजड हेलिकॉप्टरने दुसऱ्याला असे उचलून आणले.

ही हकिगत ऐकून एमआय-२६ हेच सर्वांत सरस, असा निकाल कुणीही देईल. कागदावर ते खरेही आहे. त्याच्या मुख्य पंख्याला ८ पाती असून व्यास ३२ मीटर आहे. दोन इंजिने आहेत, प्रत्येकी ११,००० अश्वशक्तीहून अधिक ताकदीची. क्षमता २० टनांची. चिनूकची साधारण १० ते ११ टनांची. पण कागदावरचे हे आकडे बहुधा समुद्रसपाटीजवळचे असतात, आणि आपल्या सैन्याला तोफा चढवायच्या असतात त्या लडाखमध्ये.

पंखा हवा खाली ढकलतो म्हणून हेलिकॉप्टर वर राहते. ५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के उरते. पात्यांना ढकलायला हवा कमी आणि इंजिनाला इंधन जाळण्यासाठी प्राणवायूही कमी, असा दुहेरी फटका बसतो. त्यात ऊन तापले की हवा आणखी विरळ होते. सकाळी उचललेले ओझे दुपारी त्याच मशीनला झेपेलच असे नाही.

दुसरा प्रश्न शेपटीचा. मुख्य पंखा एका दिशेने फिरला की धड उलट दिशेने फिरू पाहते. एमआय-२६ मध्ये त्याला शेपटीचा पंखा आवरतो. त्यासाठी जी शक्ती खर्च होते, ती वजन उचलायला उपयोगी पडत नाही. चिनूकला शेपटीचा पंखाच नाही. पुढे आणि मागे असलेले दोन मोठे पंखे परस्परविरुद्ध फिरतात, त्यामुळे धड आपोआप स्थिर राहते आणि इंजिनांची जवळजवळ सगळी शक्ती भार पेलण्यात लागते. दोन्ही पंख्यांचे फेर एकमेकांत शिरतात. पाती आदळू नयेत म्हणून एकच दांडा दोघांना ताळमेळात फिरवतो, आणि एक इंजिन बंद पडले तरी दुसरे दोन्ही पंखे चालवते. माल पुढे-मागे सरकला तरी तोल लवकर ढळत नाही. म्हणूनच कुशल वैमानिक फक्त मागची चाके कड्यावर टेकवून, नाक दरीवर अधांतरी ठेवून, सैनिक उतरवू शकतो. मला तरी चिनूकची खरी करामत हीच वाटते.

अमेरिकेच्या मरीन दलाचे सीएच-५३के यांच्यापेक्षा वेगळे आहे. त्याला तीन इंजिने आहेत, आणि जहाजावर मावण्यासाठी पाती व शेपूट दुमडतात. सुमारे १२ टन भार टांगून उष्ण हवेतही २०० किलोमीटर जाता यावे, ही अट धरूनच ते घडवले गेले.

याच घराण्यातल्या सीएच-५३ ने युद्धातले एक विलक्षण काम केले. २६ डिसेंबर १९६९ च्या रात्री इस्रायली छत्रीधारी सैनिक इजिप्तमधल्या रास घारिब इथे उतरले. तिथले सोव्हिएत बनावटीचे पी-१२ रडार त्यांनी सुटे केले आणि दोन सीएच-५३ हेलिकॉप्टरांनी ते सुएझच्या आखातापलीकडे नेले. जड भाग सुमारे ४ टनांचा होता. ओढाताणीत एका हेलिकॉप्टरची हायड्रॉलिक नळी फुटली, तरी ते घरी पोचले. रडार उद्ध्वस्त करायला बाँब पुरला असता. त्याचे गुपित उलगडायला मात्र ते उचलूनच न्यावे लागले.

१९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिशांचे अटलांटिक कन्व्हेयर हे जहाज क्षेपणास्त्राने पेटले आणि तीन चिनूक त्यात गेले. हवेत असलेले एक तेवढे वाचले. सुटे भाग नसताना त्यानेच युद्ध निभावले, आणि एका फेरीत तर ८१ सैनिक नेले.

पण मोठे अंग म्हणजे मोठे लक्ष्य. १९ ऑगस्ट २००२ रोजी चेचन्यातल्या खानकाला तळाजवळ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने एक एमआय-२६ पाडले. त्यात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे कोंबली होती, आणि सव्वाशेहून अधिक जीव गेले. या यंत्रांची पहिली ढाल चिलखत नसून रात्र, डोंगराची आड आणि मुक्काम कमीत कमी ठेवण्याची शिस्त आहे, असे मला वाटते.

भारताने एमआय-२६ आणले १९८६ मध्ये, चिनूक मार्च २०१९ मध्ये. दोघांचेही घर चंदीगड. एम-७७७ ही तोफ सुमारे ४.२ टनांची, टायटॅनियममुळे हलकी, म्हणून चिनूकला टांगून नेता येते. आकडा अडकवणारा जवान आधी जमिनीत पुरलेल्या तारेच्या दांड्याने हुकावरची वीज उतरवतो. फिरत्या पात्यांमुळे साचलेला तो विद्युतभार माणसाला जोराचा धक्का देऊ शकतो.

तरीही २०१३ च्या प्रलयानंतर केदारनाथला पुनर्बांधणीची अवजड यंत्रे पोचवली ती एमआय-२६ ने. डोंगरी सीमेसाठी चिनूकची निवड योग्यच आहे. पण १५-२० टनांची एकसंध वस्तू उचलायची वेळ आली तर चिनूकला ती झेपणार नाही. म्हणून आपली एमआय-२६ दुरुस्त, उडती ठेवायला हवीत.