छळ, श्रद्धा आणि जालन्याजवळचे बेथेल

छळ झाला की श्रद्धा वाढते, हे वाक्य ख्रिस्ती धर्माविषयी इतक्यांदा बोलले जाते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. रोमच्या रिंगणात सिंहांपुढे उभे राहिलेले हुतात्मे आणि त्यांच्या रक्तावर पसरलेला धर्म, एवढेच चित्र डोळ्यांसमोर असते. प्रत्यक्षात पहिली दोन शतके छळ अधूनमधून आणि ठिकठिकाणी होत होता. सम्राट डेसियसने इ. स. २५० च्या सुमारास साऱ्या प्रजेला देवतांना बळी अर्पण करण्याचा हुकूम दिला, तेव्हा कार्थेजमधले पुष्कळ ख्रिस्ती तो पाळायला निघाले. काहींनी पैसे चारून बळी दिल्याचे दाखले मिळवले. तिथला बिशप सिप्रियन लपून राहिला आणि तोच पुढे २५८ मध्ये हुतात्मा झाला. म्हणजे भ्याड आणि शूर अशी माणसांची विभागणी इथे लागू पडत नाही. जपानमध्ये १६१४ च्या बंदीनंतर उघड ख्रिस्ती जीवनच संपले. काही कुटुंबे लपून टिकली आणि १८६५ मध्ये नागासाकीत समोर आली. नुसत्या छळाने श्रद्धा वाढत असती, तर असे झाले नसते.

मग विरोधापुढे माणसे टिकतात ती कशाच्या बळावर? याचा पुरावा देऊळगाव राजाच्या वाचकाला दूर शोधावा लागत नाही. बालाजीच्या या गावाहून जालना तीसेक किलोमीटरवर आहे आणि जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती आहे. ती वसवणारे नारायण शेषाद्री हे देशस्थ ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते जातीबाहेर पडले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथे त्यांच्याकडे आले ते मुख्यतः मांग आणि महार समाजातले लोक. धर्म बदललेल्या अशा माणसाची अडचण निव्वळ श्रद्धेची नव्हती. गावगाड्यात त्याची रोजची भाकर गावकीच्या कामांशी आणि बलुत्याशी बांधलेली होती. गाव तुटले की पोट तुटले. शेषाद्रींनी याला उत्तर म्हणून त्वेषाचे प्रवचन दिले नाही. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी वस्ती उभी केली. जो समाज बाहेर काढतो त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा राहायला जागा आणि हाताला काम उभे करणे, हा प्रतिसाद हौतात्म्याइतका गाजत नाही. माझ्या मते मराठी ख्रिस्ती समाज टिकला तो प्रामुख्याने त्यामुळेच.

यावर आक्षेप येतो की हे सगळे इंग्रजांच्या पाठबळावर चालले. राज्यकर्ते ख्रिस्ती, मग छळ कसला? आक्षेपात थोडे तथ्य आहे. शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या मिशनांना परदेशातून पैसा येत होता, आणि १८५० च्या कायद्याने धर्म किंवा जात सुटलेल्या माणसाचा वारसाहक्क शाबूत ठेवला. पण तो कायदा धर्म सोडणाऱ्या कोणालाही लागू होता. ईस्ट इंडिया कंपनीला तर आरंभी आपल्या मुलखात मिशनरी नकोच होते. १८४३ मध्येच नारायण शेषाद्रींचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला, तेव्हा मुंबईच्या कोर्टाने त्या अल्पवयीन मुलाला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याचा बाप्तिस्माही झाला नव्हता. तरी मिशनऱ्यांकडे जेवला म्हणून त्याला जातीत परत घ्यायचे की नाही यावर मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावे या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनीही सोसला. विरोध सोसणारा नेहमी नवख्रिस्तीच असतो असे नाही.

बहुसंख्याकच छळतात आणि ख्रिस्ती नेहमी सोसतात, हाही असाच एक समज. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला थोडा काळ सोडता, इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय चालले. तिथे सत्ता चर्चची होती आणि सोसणारे नवख्रिस्ती व हिंदू होते. पंडिता रमाबाईंना तर दोन्हीकडून सोसावे लागले. त्यांच्या शारदा सदन या शाळेत मुलींवर ख्रिस्ती धर्माचे संस्कार होतात या आरोपावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दुसरीकडे, ज्या इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तिथल्या धर्मभगिनीही त्यांच्या स्वतंत्र मतांवर नाराज होत्या. रमाबाईंनी दोघांनाही आपले म्हणणे स्पष्ट सांगितले. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातल्या शेकडो मुली व स्त्रियांना आसरा दिला आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले.

सर्वांत अवघड प्रश्न घरातल्या दुःखाचा आहे. धर्म बदलणाऱ्याचे धैर्य आपण वाखाणतो, पण मागे राहिलेल्यांवर जे कोसळते तेही खरेच असते. त्यांच्या रागाला सरसकट छळ म्हणणे अन्यायाचे आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात उद्ध्वस्त झाला. काही वर्षांच्या विरहानंतर त्या अहमदनगरला पतीजवळ आल्या त्या स्वतःचा धर्म आणि सोवळेओवळे सांभाळून, आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. त्या आल्या नसत्या आणि हिंदूच राहिल्या असत्या, तरी त्यांचे धैर्य काडीमात्र कमी ठरले नसते. टिळकांना लोकांशी नाते जोडता आले तेही कुणाला हरवून नव्हे, तर अभंग आणि कीर्तन ही मराठी माणसाच्या ओळखीची रूपे ख्रिस्तभक्तीसाठी वापरून.

आजही धर्मांतराच्या वादात दोन्ही बाजू हुतात्म्यांच्या आणि फसवणुकीच्या ऐकीव कथा पुढे करतात. त्या मानण्याआधी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आणि बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ ही दोन आत्मचरित्रे वाचकांनी मुळातून वाचावीत.