सकाळी पाच किलोमीटर, संध्याकाळी दोन सिगारेटी

सुरतमध्ये आयटीत असलेल्या आमच्या वयाच्या मंडळींचा एक ठरलेला हिशेब आहे. रविवारी डुमस रोडला पाच किलोमीटर पळायचं आणि रोज ऑफिसखालच्या टपरीवर चहाबरोबर दोन सिगारेटी ओढायच्या. "पळतो ना, मग निघून जातं सगळं!" म्हणजे एका खात्यातली उधारी दुसऱ्या खात्यातून फिटते, अशी समजूत.

आमचे मामा धुळ्याहून येऊन लिंबायतला राहिले. तीसेक वर्षं लूमवर काढली. बारा तासांच्या पाळीत मागांमधून सतत फेऱ्या. तेवढं चालणं आपल्यापैकी कोणाचंच होत नाही. सोबत विडीचं बंडल. आता साठीत आमच्या दुसऱ्या मजल्यावर येताना ते मधल्या वळणावर थांबतात आणि लाइटचा मीटर बघत असल्यासारखं करतात. धाप लागली असं म्हणत नाहीत.

याचं कारण साधं आहे. फुप्फुसांची ताकद पंचविशीच्या आसपास सर्वांत जास्त असते. मग न ओढणाऱ्यांचीही ती हळूहळू उतरते. एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने घटते. ज्यांना धूर बाधतो त्यांच्यात ही घट दुप्पटही होते. चाळिशीपर्यंत काहीच जाणवत नाही, कारण शिल्लक भरपूर असते. व्यायामाने हृदय आणि स्नायू चांगले राहतात, दम टिकतो, पण धुराने झालेलं नुकसान भरून निघत नाही. सिगारेट सोडली तर गेलेलं परत येत नाही, मात्र घसरण पुन्हा नेहमीच्या वेगावर येते.

"विडी हलकी, पानाचीच तर असते," हे मामांचं आवडतं वाक्य. मुंबईत १९९१ पासून मतदारयाद्यांवरून ३५ वर्षांवरच्या सुमारे १ लाख ४८ हजार लोकांची नोंद करून अभ्यास झाला. तंबाखूला कधीच न शिवलेल्या पुरुषांपेक्षा सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचा धोका ३७ टक्के जास्त निघाला, विडी ओढणाऱ्यांत ६४ टक्के!

ब्रिटनमध्ये १९५१ पासून डॉक्टरांवरच ५० वर्षं लक्ष ठेवलं गेलं. ओढत राहणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. साठीला सोडणाऱ्यांची ३ वर्षं वाचली, पन्नाशीला ६, चाळिशीला ९ आणि तिशीला जवळजवळ सगळीच.

न ओढणाऱ्यांनी (मीही त्यातलाच) फार खूश होऊ नये. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांना जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त होतो, हे १९५३ सालीच छापून आलं होतं. लॅपटॉपसमोर नऊ तास बसणारे आपण सगळे ड्रायव्हरच.

मामांनी दिवाळीपासून विडी बंद केली आहे. टपरीवरचे माझे दोन मित्र ३१ आणि ३६ वर्षांचे आहेत. त्यांना हा लेख पाठवतो आहे.